धरणारी गाडी

नाटे,
२ जून २०२५

शिवामामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरात सगळी बरी आहेत. सानवी या वर्षी पहिलीत जाईल. फोन केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, तरी तुम्हाला ऐकू येत नाही ते नाहीच. शिवाय जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही. इथे भिंतीला लागूनच सासूबाईंची खाट आहे.

दीपेशने ट्रेलर घ्यायचं मनावर घेतलं आहे. तो आणि नितेशभावजी होड्या दुरुस्त करतात हे तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, नेमकी तेव्हाच दुरुस्ती निघते, आणि लांबच्या खाड्यांतल्या होड्या आमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत. म्हणून त्या रस्त्याने ट्रेलरवर घालून आणायच्या असं त्याच्या डोक्यात आहे. एक जुना ट्रेलर त्याने बघून ठेवला आहे. आता तो ओढायला पुढची गाडी हवी. दोन गाड्या मनात आहेत. एक सहा चाकांची, पस्तीस टनी, दिसायला नवी कोरी, डिझेल कमी खाते. दुसरी दहा चाकांची, जुनी, तिचा पत्रा खारवलेल्या डब्यासारखा झाला आहे. दीपेशचा जीव पहिलीत अडकला आहे.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. मला फक्त आमचा उतार कळतो. सड्यावरून, वरच्या माळावरून, बंदराकडे येणारा तो रस्ता तुम्ही माझ्या लग्नात बघितलात. दोन वळणं, आणि तळाला एसटी थांबा. थांब्याला लागूनच बायका मासळी घेऊन बसतात. सासूबाई तिथेच बसतात. सानवीही शाळेला तिथूनच जाते. एसटी उतरतानासुद्धा माझं लक्ष तिच्या चाकांकडे असतं. बाबा गेल्यापासून मला कुठलाच उतार सरळ दिसत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही तीस वर्षं ट्रेलर चालवलात. कुठली गाडी घ्यावी ते लिहा. तुमचं नाव सांगून मी दीपेशशी बोलेन. मला भीती वाटते, मामा.

तुमची,
नेत्रा


लोटे,
९ जून २०२५

चि. नेत्रा,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात न देता दाराच्या फटीत खोचलं, कारण त्याने कडी वाजवली तरी मला कळत नाही. इंजिनाच्या शेजारी तीस वर्षं बसल्यावर कानांनी तरी किती दिवस साथ द्यायची. तुझं अक्षर तुझ्या बापासारखं आहे, डावीकडे कललेलं. धोंडूभावोजी किराण्याची यादी लिहायचे तरी ती पडेल की काय असं वाटायचं.

आता गाडीचं. ट्रेलरच्या पुढे जी इंजिनाची गाडी असते तिला आम्ही ड्रायव्हर लोक घोडा म्हणतो. घोडा बघायला गेलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, किती टन ओढतो? दीपेशरावांनीही तोच विचारला असणार. ओढायचं काय, धूर काढील, वेळ लावील, पण ओढील. चढावर घोडा हरला तर उभा राहतो. उतारावर हरला तर उभा राहत नाही. म्हणून विचारायचं ते हे, की किती टन धरतो.

सहा चाकी घोडा अंगाने हलका. मागे त्याच्या तिप्पट वजन असलं की उतारावर ते वजन त्याला ढकलतं. वळणावर ढकललं तर घोडा आडवा फिरतो आणि ट्रेलर त्याच्या अंगावर येतो. दहा चाकी घोड्याला मागे दोन ॲक्सल असतात, दोन्हींना इंजिनाची ताकद आणि दोन्हींना ब्रेक. तो अंगाने जड असतो, रस्ता धरून ठेवतो. डिझेल पितो, पिऊ दे. पत्र्याला गंज असेल तर असू दे, पत्रा ब्रेक मारत नाही.

दुसरं. कागदावर पस्तीस टन लिहिलं म्हणजे पस्तीस टनांची होडी ठेवता येते असं नाही. त्यात घोडा आला, ट्रेलर आला. घोडा सातेक टन, ट्रेलर दहा. उरले अठरा. तेवढ्यात होडी बसली पाहिजे. होडी किती टनांची आहे ते आधी विचार.

तिसरं, इंजिनाचा ब्रेक चालतो का ते बघायला सांग. उतारावर पायाने ब्रेक दाबत आला तो ड्रायव्हर नव्हे. लहान गिअर टाकायचा, इंजिनाला धरू द्यायचं, पाय फक्त अडीअडचणीला. ब्रेक सारखा दाबला की तापतो, आणि तापलेला ब्रेक दाबला काय न दाबला काय.

दहा चाकी घ्या. माझं नाव सांग, माझ्या वयाचं सांग, हवं तर शपथ घाल. सानवीला खाऊसाठी पाकिटात काही घालणार होतो, पण पोस्टमनवर माझा तेवढा विश्वास नाही.

शिवामामा


नाटे,
१८ जून २०२५

शिवामामा,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा सहा चाकी गाडी आमच्या अंगणात उभी होती. मी तुम्हाला लिहिलं त्याच्या आधीच दीपेशने होकार देऊन टाकला होता. हे मला ठाऊक होतं आणि मी ते तुम्हाला लिहिलं नाही. मला वाटलं, तुमचा नकार आला तर तो परत फिरेल. रागावू नका.

आता परत फिरणं कठीण आहे, कारण देवीला कौल लावून झाला. नितेशभावजींनी गुरवाला बोलावलं, गाऱ्हाणं घातलं, आणि देवीने उजवा कौल दिला, म्हणजे होकारच. फूल पडलं ते सगळ्यांच्या देखत पडलं. त्यानंतर मी तोंड उघडलं तर मी देवीच्या विरुद्ध बोलते असं होतं. सासूबाईंनी गाडीला हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी मागे उभी राहून चाकं मोजत होते. सहाच होती.

गेल्या आठवड्यात पहिली फेरी झाली. एक फायबरची होडी आणली. ती अगदीच हलकी. गाडी उतारावरून एवढ्या सहज आली की दीपेशने खाली येऊन हॉर्न वाजवला. पुढची होडी मात्र लाकडाची आहे. पंचेचाळीस फुटी, पलीकडच्या खाडीतली. तिचं नाव ठमाबाई, मालकाच्या आजीचं. मालकाला कुजलेल्या फळ्या बदलून हव्या आहेत. तुम्ही सांगितलंत म्हणून मी वजन विचारलं. दीपेश म्हणाला, "बांधली तेव्हा चौदा टन होती. तू तुझ्या मामाला कळव, चार टन उरतात म्हणावं." मी विचारलं, नंतर वजन केलं होतं का? तर सगळे हसले. नितेशभावजी म्हणाले, "वयनी, होडीचा वजन कोण करता? पाण्यात तिला वजन असता खय?"

ठमाबाई २४ जुलैला आणायची ठरली आहे.

नेत्रा


नाटे,
२१ जून २०२५

आदरणीय मामा,

नमस्कार. नेत्राने तुमची चिठ्ठी लपवून ठेवली होती, मी वाचली. रागावलो नाही. तुम्ही काळजीने लिहिलं आहे ते समजतं. पण तुमचा काळ वेगळा होता. तेव्हाच्या गाड्या, तेव्हाचे रस्ते आणि आजचे यांत फरक आहे. या गाडीचं केबिन गार असतं, स्टिअरिंग बोटाने फिरतं, हॅन्डब्रेक एका झटक्यात लागतो. मी एक फेरी करून बघितली आहे.

नेत्राच्या वडिलांचं जे झालं त्याचं आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटतं. पण त्यामुळे ती उतार दिसला की डोळे मिटते, आणि तुम्ही तिला अजून भीती घातलीत तर ती घरात नीट राहणार नाही. कृपा करून तिला धीर द्या. गणपतीत घरी या, तुम्हाला गाडीतून फिरवतो.

आपला,
दीपेश


लोटे,
२८ जून २०२५

दीपेशराव,

आशीर्वाद. आमंत्रणाबद्दल आभार. केबिन गार असतं हे वाचून बरं वाटलं. मलाही एकदा एका गार केबिनची भूल पडली होती.

तुम्ही होडीवाले आहात, मी गाडीवाला. समुद्रातलं मला कळत नाही, मी तुम्हाला शिकवायला येणार नाही. पण ठमाबाई समुद्रातून बाहेर आली की माझ्या हद्दीत येते. लाकडाची होडी नऊ-दहा वर्षं पाण्यात राहिली की फळ्या पाणी पितात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. फळ्या फुगतात, सांधे बसतात, म्हणून तर ती गळत नाही. ते पाणी वजन करतं. तळाला तोल सांभाळायला दगड घातले असतील, ते वजन करतात. इंजिन बदललं असेल तर नवं इंजिन जुन्याहून जड असतं. डिझेल, गोडं पाणी, बर्फाची खोकी, जाळी ओढायचं यंत्र, सगळंच आलं. समुद्र हे सगळं उचलून धरतो म्हणून तुम्हाला ते कधी मोजावं लागलं नाही. रस्ता उचलून धरणार नाही.

सड्यावर चिऱ्याच्या खाणीशेजारी वजनकाटा आहे, मी नेत्राच्या लग्नाला आलो तेव्हा बघितला होता. उतार लागायच्या आधी गाडी तिथे चढवा. दहा मिनिटांचं काम आहे. आकडा पस्तीसच्या आत आला तर मी माझ्या हाताने तुमच्या गाडीला हार घालीन.

तुमचा,
शिवामामा

ता.क. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चालतात का? हवेच्या नळ्या जोडलेल्या आहेत का? हे नेत्राला नाही, तुम्हाला विचारतो आहे.


नाटे,
८ जुलै २०२५

शिवामामा,

दीपेशने तुमचं पत्र वाचलं, घडी घातली आणि आरशाच्या मागे ठेवलं. मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा जेवणावरून उठला.

परवा ते दुसरी फेरी करून आले. मध्यम होडी होती, ठमाबाईच्या निम्मी. गाडी खाली आली तेव्हा वास आला. रबर नव्हे, डिझेल नव्हे, कढई कोरडी पडल्यावर येतो तसा वास. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. दीपेश म्हणाला, नव्या गाडीला होतं तसं. सगळे घरात गेल्यावर मी चाकांजवळ गेले. हात लावला नाही, नुसता जवळ धरला. पुढच्या गाडीच्या चाकांजवळ हात धरवत नव्हता. ट्रेलरची चाकं गार होती, मामा. पावसात भिजलेल्या दगडासारखी गार.

मी दीपेशला विचारलं. तो म्हणाला, ट्रेलरचे ब्रेक त्यांनी ढिले करून ठेवले आहेत, म्हणजे टायर झिजत नाहीत. सगळेच तसं करतात म्हणे. खरंच सगळे करतात का?

मला झोप लागत नाही. सानवीला शाळेत पाठवताना मी थांब्यापर्यंत जाते आणि एसटी सुटेपर्यंत उताराकडे तोंड करून उभी राहते. काल एक चिऱ्याचा ट्रक येताना दिसला तर मी तिला उचलून दुकानात शिरले. दुकानदार बघतच राहिला. २४ तारीख जवळ येते आहे. मी काय करू ते सांगा.

नेत्रा


लोटे,
१३ जुलै २०२५

चि. नेत्रा,

हो, पुष्कळ जण तसं करतात. मीही केलं होतं.

शेजारच्या मृणालीकडून तुला फोन करवता आला असता. ती चांगली मुलगी आहे, निरोप जशाचा तसा सांगते. पण हे दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नाही. अठरा वर्षं मी ते माझ्याच तोंडून सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही, आणि आता ती ऐकायला उरली नाही.

तुला ठाऊक आहे ते असं: २००७ च्या जुलैत मी कारखान्याची मोठी टाकी घेऊन घाटातून उतरत होतो. मासेमारी बंद म्हणून तुझे बाबा बुरोंडीहून माझ्या सोबतीला आले होते. ब्रेक गेले, मी बाहेर फेकला गेलो, भावोजी गाडीबरोबर दरीत गेले. माझ्या डोक्याला मार लागला होता, अंग सोललं होतं. लोकांनी मला वाचलेला म्हणून बघितलं. तुझ्या आईने, चिमाने, माझ्या जखमांना हळद लावली. स्वतःचं कुंकू पुसलेल्या हाताने लावली.

खरं असं आहे. तो घोडा मी पसंत केला होता. मालकाने दोन दाखवले होते, मी सहा चाकी घेतला, कारण तो नवा होता, सीट मऊ होती आणि केबिन गार होतं. ट्रेलरचे ब्रेक मी ढिले ठेवले होते. टाकीचं वजन मी काट्यावर केलं नाही, कारण कारखान्याच्या माणसाने तोंडी सांगितलेला आकडा मला सोयीचा होता. आणि डावीकडच्या दाराची कडी बिघडली होती. ते चालताना उघडायचं म्हणून मी ते बाहेरून दोरीने बांधून टाकलं होतं. भावोजींनी तीन वेळा सांगितलं, शिवा, हे दार करून घे. मी म्हटलं, ही फेरी झाली की करतो.

मी फेकला गेलो नाही. मी उडी मारली. पहिल्या वळणानंतर ब्रेकवरचा पाय तळाला टेकला तेव्हा मला कळलं की गाडी आता कुणाची राहिली नाही. मी माझ्या बाजूचं दार उघडलं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. ते काही बोलले असतील, मला ऐकू आलं नाही, मी हॉर्न दाबून धरला होता. त्यांचं दार बांधलेलं आहे हे मला माहीत होतं आणि मी उडी मारली. त्यांना माझ्या मागून सरकून यायला वेळ मिळाला नाही. माझे कान इंजिनाने गेले नाहीत. दगडावर डोकं आपटलं तेव्हा गेले. मी सगळ्यांना इंजिनाचं सांगितलं, कारण मग कुणी पुढचं विचारत नाही.

माझं हे लिहिणं तुला हलकं वाटावं म्हणून नाही. मी तुला एकच विचारतो आहे, असा माणूस सांगतो आहे म्हणून तरी दीपेशराव ऐकतील का? हे पत्र त्यांना दाखव. त्यानंतर मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. तुझ्याशिवाय मला पत्र लिहिणारं कुणी नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस. दीपेशरावांना त्या उतारावर जाऊ देऊ नकोस. त्यांना अजून वाटत असेल की वेळ आली तर ते गाडी सोडणार नाहीत. मलाही तसंच वाटायचं.

शिवा


नाटे,
२९ जुलै २०२५

मामा,

नमस्कार. नेत्रा लिहीत नाही म्हणून मी लिहितो आहे. पहिल्यांदा सांगतो, सगळे सुखरूप आहेत.

तुमचं पत्र १९ तारखेला आलं होतं. मला ते नंतर कळलं. नेत्राने चार-पाच दिवस ते कुणाला दाखवलं नाही. स्वयंपाक केला, सानवीचा अभ्यास घेतला, पण कुणाशी बोलत नव्हती. मला वाटलं, अंगात कसर आहे.

२४ तारखेला आम्ही ठमाबाईला ट्रेलरवर घातली. चढ घेताना गाडी रडली, पण वर आली. मी खूश होतो. नितेश मागून मोटारसायकलवर होता, त्याने हात वर करून दाखवलं. सड्यावर उतार सुरू होतो तिथे बघतो तर नेत्रा छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. एसटीने वर आली होती. मी गाडी थांबवली. ती डावीकडचं दार उघडून वर चढली, छत्री पायाशी ठेवली आणि बसली.

मी म्हटलं, "उतर खाली. तुझा हय काय काम?"

ती म्हणाली, "चल ना. गाडी धरता म्हणतंस ना?"

"सानवी घराक आसा. तू उतर."

"सानवीला आईंनी आज घरातच ठेवलंनी. एसटी थांब्यावरच्या बायकांना पण मी सकाळीच तिथून उठवून घरी पाठवलं. आता आपण दोघंच. चल."

मी हसायचा प्रयत्न केला. गिअर टाकला. हॅन्डब्रेकला हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. एकटा असतो तर सोडला असता, हे मी तुम्हाला खरं सांगतो. लग्न झाल्यापासून मी तिला बघतो आहे, साधी एसटी उतरताना ती माझं मनगट धरते. त्या दिवशी तिने काहीच धरलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. मागे ठमाबाई करकरत होती. मला पहिल्यांदा तिचं वजन पाठीत जाणवलं.

मग तिने तुमचं पत्र दिलं. मी ते तिथेच वाचलं. पाऊस काचेवर पडत होता आणि नितेश बाहेरून विचारत होता, काय झाला, काय झाला. वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं तर ती तिच्या बाजूच्या दाराची कडी उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

मी गाडी मागे घेतली. उलट्या गिअरमध्ये ट्रेलर घेऊन तीनशे पावलं मागे जायला पाऊण तास लागला. काट्यावर चढवली. त्रेचाळीस टन सहाशे किलो. काटेवाल्याने मला दोनदा विचारलं, ह्यात काय दगड भरलेस काय? नंतर होडीचा तळ उघडला तर खरंच दगड निघाले, कुणीतरी कधीतरी घातलेले, मालकालाही आठवत नव्हते.

ठमाबाई अजून सड्यावर आहे. ओंडके लावून गवतात उभी केली आहे. लांबून लोक बघायला येतात, फोटो काढतात. गुरव म्हणाला, देवीने गाडी घ्यायला कौल दिला होता, होडी उतरवायला कुणी विचारलंच नाही. नितेश आता वजनाबद्दल काही बोलत नाही. सहा चाकी फक्त फायबरच्या होड्यांना ठेवायची आणि मोठ्या होड्यांसाठी ती गंजलेली दहा चाकी आणायची असं ठरलं आहे. ट्रेलरचे ब्रेक मी स्वतः घट्ट केले.

मी तुम्हाला जे लिहिलं होतं, तुमचा काळ वेगळा होता म्हणून, त्याची मला लाज वाटते. नेत्राबद्दल मी काही सांगू शकत नाही. तुमचं पत्र तिने परत मागून घेतलं आणि पेटीत ठेवलं. त्यावर ती बोलत नाही.

तुमचा,
दीपेश


नाटे,
१४ ऑगस्ट २०२५

शिवामामा,

लिहायला वेळ लावला. काय लिहावं ते कळत नव्हतं, अजूनही नीट कळत नाही.

मला तुमचा राग येतो. उठले की येतो. भांडी घासताना येतो. आई तुमच्या जखमांना हळद लावत होती तेव्हा मी शेजारी वाटी धरून बसले होते, ती वाटी मला आठवते आणि राग येतो. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर आईने काय केलं असतं, याचा मी विचार करत राहते. कदाचित ती तुमच्याशी कधीच बोलली नसती. मग मला मामा नसता, पत्र लिहायला कुणी नसतं, आणि २४ तारखेला मी घरातच असते. हे सगळं एकाच वेळी खरं आहे आणि मला ते एकत्र ठेवता येत नाही.

त्या दिवशी गाडीत बसले तेव्हा मी शूर वगैरे नव्हते. मला एवढंच वाटत होतं की बाबा जिथे बसले होते तिथे बसून बघावं. भीती वाटली, पण ती कुठून येते ते एकदाचं दिसलं. समोर रस्ता असतो आणि हातात काही नसतं. बाबांच्या हातात काही नव्हतं.

ठमाबाईला २२ तारखेला, गणपतीच्या आधी, खाली आणायची आहे. दहा चाकी आली. ठमाबाईसकट काटा करून घेतला, एकोणचाळीस टन, आणि ती पंचावन्नपर्यंत धरते. दगड काढले, टाक्या रिकाम्या केल्या. खालचा रस्ता दोन तास बंद ठेवायला सगळे तयार आहेत. दीपेश चालवणार आहे. तो म्हणतो, शेजारी कुणीतरी जाणता माणूस हवा, गिअर कधी टाकायचा, ब्रेकवरून पाय कधी काढायचा ते हाताने खुणावून सांगणारा. त्याला ऐकू आलं नाही तरी चालेल. मी त्याला कुणाचं नाव सुचवलं नाही. त्यानेच घेतलं.

तुम्ही यायलाच हवं असं मी लिहीत नाही. न यावंसं वाटलं तर ते मला समजेल, तसं कळवा.

डावीकडचं दार आतून उघडतं. मी तीन वेळा बघितलं.

नेत्रा


लोटे,
१८ ऑगस्ट २०२५

चि. नेत्रा,

पत्र मिळालं. २१ तारखेच्या दुपारच्या एसटीने निघतो, संध्याकाळी पोचेन. दीपेशरावांना सांग, उतारावर चढापेक्षा एक गिअर लहान, आणि मी हात वर केला की पाय ब्रेकवरून काढायचा, विचारायचं नाही.

मला भीती वाटते. अठरा वर्षांत मी कुठल्याही गाडीत पुढे बसलेलो नाही, एसटीतही मागच्या बाकावर बसतो. तरी येतो.

दाराचं लिहिलंस ते वाचलं. मला त्या दाराचं काम पडणार नाही.

शिवामामा